भटकणारे मन आणि नमाज

आजच्या माणसाजवळ सुखाची साधने पुष्कळ आहेत, पण स्वस्थता नाही, ही तक्रार आता सर्वांच्याच तोंडी ऐकू येते. पन्नास वर्षांपूर्वी वडीलधारी मंडळी तिचा दोष रेडिओला आणि सिनेमाला देत असत. आज तो मोबाइलला दिला जातो. वाचनालयात पुस्तक उघडे असते, पण शेजारी ठेवलेला मोबाइल मधूनमधून उजळतो आणि नजर पानावरून उठते. ती परत येईपर्यंत मन चार गावे हिंडून आलेले असते. साधने बदलली, दुखणे मात्र जुनेच आहे. मन एका ठिकाणी ठरत नाही, हेच ते दुखणे होय.

मी महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकवितो. माझ्या घरची भाषा दखनी, शिक्षण मराठीतून झालेले आणि बाजारहाट कन्नडमधून. वर्ग सुटल्यावर काही मुस्लिम विद्यार्थी मला एक प्रश्न पुन्हापुन्हा विचारतात. “सर, नमाजला उभे राहिले की नेमके नको ते सारे आठवते. राहिलेली फी, उद्याचा पेपर, मित्राशी झालेले भांडण. ओठ आयती म्हणत असतात आणि मन बाहेर असते. अशा नमाजने शांती कशी मिळायची?” जपाला बसणारे हिंदू विद्यार्थीही वेगळ्या शब्दांत हेच विचारतात. प्रश्न प्रामाणिक आहे आणि ‘श्रद्धा ठेवा म्हणजे शांती मिळेल’ एवढ्या उत्तराने तो सुटत नाही. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार इस्लामी परंपरेच्या, विशेषतः इमाम गझाली यांच्या जीवनाच्या व विचारांच्या आधारे करण्याचा माझा प्रयत्न आहे.

ओळखीचे शब्द, विसरलेले अर्थ

अरबी भाषेत बहुतेक शब्द तीन मूळ व्यंजनांपासून तयार होतात. ‘स-ल-म’ या धातूपासून इस्लाम, मुस्लिम आणि सलाम हे तिन्ही शब्द निघाले आहेत. एकीकडे शांती व सुरक्षितता, दुसरीकडे ईश्वराला स्वतःला सोपविणे, असे दोन्ही अर्थ त्या मुळाशी आहेत. आपण मराठीत ‘सलामत’ म्हणतो, तो शब्दही याच घराण्यातला.

आपल्या रोजच्या बोलण्यातील आणखी दोन शब्द पाहा. ‘गफलत’ म्हणजे आपल्या लेखी चूक, हयगय. कुराणाच्या परिभाषेत ‘गफलत’ म्हणजे बेसावधपणा. जे मुख्य आहे त्याचा विसर पडणे. दुसरा शब्द ‘फिकीर’. मूळ अरबीत ‘फिक्र’ म्हणजे चिंतन. मराठीत येईपर्यंत त्याची काळजी झाली. माझ्या मते या एका शब्दाच्या प्रवासात आजच्या माणसाची सारी कथा आली. विचार करण्याची शक्ती तीच, पण तिला केंद्र उरले नाही की चिंतनाची काळजी होते.

यावर कुराणाने सांगितलेला उपाय म्हणजे ‘जिक्र’, अर्थात स्मरण. ईश्वराच्या स्मरणानेच हृदयांना स्वस्थता लाभते, असा आशय तेराव्या अध्यायात आला आहे. तेथे स्वस्थतेसाठी जी क्रिया वापरली आहे, तिच्यापासूनच ‘इत्मीनान’ हा शब्द बनला. एकशे दुसऱ्या अध्यायाचे नावच मुळी ‘तकासुर’ असे आहे. तकासुर म्हणजे अधिकाची चढाओढ. या चढाओढीने तुमचे लक्ष वेधून घेतले आणि तुम्ही कबरीपर्यंत जाऊन पोहोचलात, असा त्याच्या आरंभाचा आशय आहे. माझ्याजवळ किती, तुझ्याजवळ किती, हे मोजण्यातच आयुष्य संपते. मग मोजायची वस्तू उंट असोत, गुण असोत वा मोबाइलवर मिळालेली पसंती असो.

मनाच्या तीन अवस्था

कुराणात मनाचा, म्हणजे ‘नफ्स’चा, तीन विशेषणांनी उल्लेख येतो. त्यांवरून पुढील विचारवंतांनी मनाच्या तीन अवस्था मानल्या. पहिली ‘अम्मारा’, वाइटाकडे ओढणारी. बाराव्या अध्यायात हजरत यूसुफ यांच्या कथेत तिचा उल्लेख आहे. दुसरी ‘लव्वामा’, स्वतःला दोष देणारी, टोचणारी. पंचाहत्तराव्या अध्यायात तिची शपथ घेतलेली आहे. तिसरी ‘मुत्मइन्ना’, शांत झालेली. एकोणनव्वदाव्या अध्यायाच्या शेवटी अशा मनाला, संतुष्ट होऊन आपल्या पालनकर्त्याकडे परत ये, असे बोलावणे येते.

यातील मधली अवस्था विद्यार्थ्यांनी नीट ध्यानात घ्यावी. पहिल्या पायरीवरच्या मनालाही एक प्रकारचा निवांतपणा असतो, पण तो बेसावधपणाचा होय. तेथून शांतीकडे जाणारी वाट टोचणीतूनच जाते. म्हणून ‘माझे मन नमाजात लागत नाही’ असे ज्याला खुपते, तो शांतीपासून दूर नसून वाटेवर लागलेला आहे. ज्याला ते खुपतच नाही त्याची काळजी अधिक करावी लागेल.

एका अध्यापकाची अस्वस्थता

अबू हामिद गझाली यांचा जन्म १०५८ साली खोरासानातील तूस येथे झाला. हा भाग आज इराणमध्ये आहे. निशापूर येथे इमाम जुवैनी यांच्याजवळ त्यांचे शिक्षण झाले. १०९१ साली सल्जुक राज्याचे वजीर निजामुल्मुल्क यांनी बगदादच्या निजामिया मदरशात त्यांची मुख्य अध्यापक म्हणून नेमणूक केली. त्या वेळी त्यांचे वय अवघे तेहेतीस वर्षांचे होते. त्यांच्या हाताखाली तीनशे विद्यार्थी शिकत होते, असे त्यांनीच लिहून ठेवले आहे. विद्वत्ता, मान, पैसा, राजाश्रय, कशाचीही उणीव नव्हती.

आणि तरीही चार वर्षांत त्यांची स्वस्थता नाहीशी झाली. त्यांनी आपल्या ‘अल-मुन्किज’ या आत्मनिवेदनपर ग्रंथात ही हकीकत सांगितली आहे. आपण शिकवितो ते कशासाठी, असा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला, तेव्हा आपल्या अध्यापनामागचा हेतू ईश्वर नसून कीर्ती व प्रतिष्ठा आहे, असे त्यांना दिसून आले. बगदाद सोडावे असे सकाळी ठरवावे आणि संध्याकाळी तो बेत मोडावा, अशा ओढाताणीत सुमारे सहा महिने गेले. १०९५ साली एके दिवशी वर्गात त्यांची वाचाच बंद पडली. शब्द फुटेना, अन्न पचेना. वैद्यांनी निदान केले, की दुखणे हृदयातून शरीरात उतरले आहे आणि मनावरचा भार हलका झाल्याखेरीज औषधाचा उपयोग होणार नाही.

त्याच वर्षी त्यांनी कुटुंबाच्या निर्वाहापुरते ठेवून बाकीचे धन वाटून टाकले आणि बगदाद सोडले. दमास्कस, जेरुसलेम, मक्का-मदिना असा प्रवास झाला. सुमारे अकरा वर्षांनी, ११०६ साली, ते निशापूर येथे पुन्हा शिकवू लागले. १११ ते ११११ असा घोळ होऊ नये म्हणून सांगतो, त्यांचा मृत्यू ११११ साली तूस येथे झाला. मधल्या काळात त्यांनी ‘इह्या उलूमुद्दीन’ हा चाळीस प्रकरणांचा महाग्रंथ रचला.

या चरित्रातून मला दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. पहिली अशी, की गझाली हे धर्म सोडून बसलेले नव्हते. ते धर्मशास्त्रच शिकवीत होते, नमाजही चालू होती. म्हणजे धार्मिक व्यवहारात गढून गेल्याने शांती मिळतेच असे नाही. हेतू बिघडला तर धर्म हीसुद्धा एक चढाओढच होते. ‘नियत’ हा शब्द आपण मराठीतही वापरतो. नमाजचा आरंभ नियतीने, म्हणजे संकल्पाने, होतो. त्यामागचे मर्म हे आहे.

दुसरी गोष्ट अशी, की एकांतात गेल्याबरोबर त्यांना अखंड शांती लाभली, असा दावा त्यांनी केलेला नाही. प्रपंचाच्या गरजा आणि मुलांची ओढ यांनी आपला एकांत ढवळून निघत असे, निर्मळ अवस्था अधूनमधूनच लाभत असे, तरी आपण आशा सोडली नाही, असे ते सांगतात. एवढ्या मोठ्या साधकाची ही कबुली विद्यार्थ्यांना धीर देणारी आहे.

झाडावरच्या चिमण्या

आता मूळ प्रश्नाकडे वळू. ‘इह्या’मध्ये नमाजवर एक स्वतंत्र प्रकरण असून, त्यात मन का भटकते याची चिकित्सा गझालींनी एखाद्या वैद्यासारखी केली आहे. भटकण्याची कारणे ते दोन प्रकारची मानतात, बाहेरची आणि आतली.

बाहेरची कारणे डोळ्यांतून व कानांतून येतात. त्यांवरचे उपाय सोपे आहेत. भिंतीजवळ उभे राहावे, नक्षीदार वस्तू समोर ठेवू नये, फार प्रशस्त जागा टाळावी. पैगंबर महंमद यांच्याविषयी एक हदीस प्रसिद्ध आहे. त्यांनी एकदा वेलबुट्टीची चादर पांघरून नमाज अदा केली. तिच्या नक्षीने लक्ष विचलित केले, म्हणून नमाज होताच त्यांनी ती काढून परत पाठविली आणि साधी चादर मागविली. भटकणारी वस्तू समोर ठेवून मनाशी कुस्ती खेळण्यापेक्षा ती वस्तू बाजूला ठेवणे शहाणपणाचे, हा यातील बोध. जेवण वाढलेले असताना नमाजची वेळ झाली तर आधी जेवून घ्यावे, असेही हदीसमध्ये आले आहे. उपाशी पोटाला दटावून मन ठिकाणावर येत नाही, एवढे मनुष्यस्वभावाचे ज्ञान या परंपरेला आहे.

आतली कारणे मात्र कठीण. येथे गझाली एक दृष्टांत देतात. एक मनुष्य झाडाखाली बसून विचार करू पाहतो. झाडावर चिमण्यांचा कलकलाट चालतो. तो काठी घेऊन त्यांना हुसकतो आणि पुन्हा बसतो, की त्या परत येतात. असे करता करता दिवस सरतो. त्याला कोणी सांगते, की हे काम असे संपायचे नाही. सुटका हवी असेल तर झाड तोड. चिमण्या म्हणजे विचार, आणि झाड म्हणजे वासना, जगाची हाव.

विद्यार्थ्यांनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर या दृष्टांतात आहे असे मला वाटते. आपण नमाजच्या पाच-दहा मिनिटांत चिमण्या हुसकीत बसतो. परंतु झाड तर उरलेल्या दिवसभर आपणच पाणी घालून वाढवीत असतो. दिवसभर ज्याची हाव धरली, तेच सजद्यात आठवणार. तेव्हा नमाजात मन न लागणे हा नमाजचा दोष नाही. उलट दिवसभर मन कुठे गुंतले होते, याची वार्ता नमाजच आपल्याला देते. जो शांत उभाच राहत नाही, त्याला आपल्या झाडावर किती चिमण्या आहेत हे कळणार तरी कसे?

मग लक्ष न लागलेली नमाज फुकट गेली काय? माणसाच्या पदरी त्याच्या नमाजचा कधी दहावा, कधी पाचवा, कधी चौथा, तर कधी निम्मा भाग पडतो, अशा आशयाची हदीस आहे. गझालीही लक्षाविना केलेल्या नमाजला कठोर शब्द लावतात, तरी ती करणारा हा सर्वस्वी सोडून देणाऱ्यासारखा नसावा, अशी आशा बाळगतात. आज दहावा भाग मिळाला, तर उद्या नववा मिळविण्याचा प्रयत्न करावा. यासाठीच ती रोज आहे.

दिवसाचे पाच थांबे

फजर, जोहर, असर, मगरिब आणि इशा या पाच नमाजा सूर्याच्या गतीला बांधलेल्या आहेत. पहाट, दुपार, कलती दुपार, सूर्यास्त आणि रात्र. म्हणून त्यांची घड्याळातील वेळ ऋतूप्रमाणे थोडी थोडी सरकते. कामाला उसंत मिळाली म्हणजे थांबू, असे येथे म्हणता येत नाही. काम चालू असतानाच थांबावे लागते. शुक्रवारच्या नमाजविषयी कुराणाची आज्ञा याच अर्थाची आहे. हाक आली की खरेदी-विक्री सोडून स्मरणाकडे या, आणि नमाज झाली की पुन्हा पांगून आपली उपजीविका शोधा. बाजार वाईट म्हटलेला नाही. बाजाराला कुंपण घातले आहे.

नमाजपूर्वी वजू करावा लागतो. हात, तोंड, कोपरापर्यंत बाहू धुणे, मस्तकावर ओला हात फिरविणे आणि पाय धुणे. स्वच्छता तर त्यात आहेच, पण एका कामातून दुसऱ्या कामात मनाला एकदम ढकलू नये, मध्ये एक उंबरठा असावा, ही सोयही आहे. तास संपला, घंटा झाली आणि दुसरा विषय सुरू झाला, अशा धावपळीत वाढणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांना या उंबरठ्याचे मोल कळावे.

संध्याकाळचा हिशेब

नमाज दिवसातून पाच वेळा. मग मधल्या वेळेचे काय? यासाठी गझालींनी ‘इह्या’त व्यापाराचे रूपक योजले आहे. बुद्धी ही मालक आणि मन हा तिचा व्यापारातला भागीदार. भांडवल म्हणजे आयुष्य. जाणता व्यापारी भागीदाराच्या हाती भांडवल सोपविताना सकाळी अटी घालतो, दिवसा नजर ठेवतो आणि संध्याकाळी हिशेब घेतो. साधकानेही तसेच करावे. या पायऱ्यांना त्यांनी मुशारता, मुराकबा व मुहासबा अशी नावे दिली आहेत. नावे अवघड वाटली तरी परकी नाहीत. मुशारतेत आपली ‘शर्त’ आहे, मुहासबेत आपला ‘हिशेब’ आहे.

हा हिशेब कसा करावा? निजण्यापूर्वी पाच मिनिटे स्वतःला विचारावे : आज माझे लक्ष कोणी घेतले? ते मी दिले, की माझ्याकडून काढून घेतले गेले? कोणाला दुखावले काय? पैशाचा हिशेब ठेवणारे पुष्कळ आहेत. लक्षाचा ठेवणारे थोडे. आणि गेलेला पैसा परत मिळू शकतो, गेलेला दिवस मिळत नाही.

जात्याजवळचा जिक्र

हे सारे बगदादच्या विद्वानांचे, आपल्या माणसांना त्याचे काय, असे कोणी म्हणेल. परंतु हीच शिकवण सूफींच्या मार्फत दख्खनमध्ये आली आणि येथल्या घराघरांत पोहोचली. आदिलशाहीच्या काळात विजापूर हे सूफींचे मोठे केंद्र होते. शाह मीरांजी, त्यांचे पुत्र बुरहानुद्दीन जानम आणि नातू अमीनुद्दीन आला यांनी अरबी-फारसीत अडकलेले ज्ञान दखनी बोलीत आणले. त्या परंपरेत ‘चक्कीनामा’ आणि ‘चरखानामा’ हे रचनाप्रकार तयार झाले. दळताना आणि सूत कातताना बायकांनी म्हणावयाची ही गीते. जात्याचा खुंटा उभा, अरबीतील अलिफ अक्षरासारखा. अलिफ म्हणजे अल्लाहच्या नावाचे पहिले अक्षर. तो हातात धरून जाते फिरवायचे आणि फेऱ्याबरोबर, श्वासाबरोबर नाम घ्यायचे. रिचर्ड ईटन यांनी विजापूरच्या सूफींवरील १९७८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात या गीतांचे महत्त्व दाखवून दिले आहे.

जात्यावरची ओवी ज्या मराठी घरांत म्हटली गेली, त्यांना हे निराळे सांगावयास नको. श्रीगोंद्याचे शेख महंमद यांनी तर मराठीतच ‘योगसंग्राम’ रचला आणि वारकरी संतांच्या मांदियाळीत मानाचे स्थान मिळविले.

चक्कीनाम्यात मला विशेष वाटते ते हे, की त्या बाईला काम टाकून कुठे जाता येत नव्हते. तिच्याजवळ मदरसा नव्हता, एकांत नव्हता. होते ते जाते आणि पहाटेची वेळ. जे गझालींना पद सोडून शोधावे लागले, ते तिने दळता दळता साधावे, अशी ही योजना होती. नक्शबंदी सूफी याला ‘खल्वत दर अंजुमन’ म्हणतात. जनात राहून एकांत. आणि कुराणाच्या चोविसाव्या अध्यायातही अशा माणसांची प्रशंसा आहे, की ज्यांना व्यापार वा विक्री ईश्वराच्या स्मरणापासून दूर नेत नाही. व्यापार सोडलेल्यांची ती प्रशंसा नाही, हे लक्षात घ्यावे.

पळवाट नव्हे

शांतीच्या नावाखाली कर्तव्य टाळणाऱ्याला इस्लामने थारा दिलेला नाही. पैगंबरांचे सहकारी अबू दर्दा हे दिवसा रोजे आणि रात्रभर नमाज यांत इतके गढले, की घराकडे त्यांचे लक्ष उरले नाही. तेव्हा त्यांचे स्नेही सलमान फारसी यांनी त्यांना सांगितले, की तुमच्या पालनकर्त्याचा जसा तुमच्यावर हक्क आहे, तसाच शरीराचा आहे आणि घरच्या माणसांचाही आहे. ज्याचा त्याचा हक्क द्या. सलमान बरोबर बोलले, असा निर्वाळा पैगंबरांनी दिला.

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. मन आजारी पडते तेव्हा ‘नमाज पढ, बरा होशील’ एवढेच सांगून मोकळे होणे योग्य नाही. दहाव्या शतकातील विद्वान अबू जैद बल्खी यांनी शरीराच्या व मनाच्या स्वास्थ्यावर मिळून एक ग्रंथ लिहिला. काही दुःखाला उघड कारण असते, तर काही दुःख कारणावाचून येते व त्याचे मूळ शरीरात असते, असा भेद त्यांनी केला आणि या दुसऱ्या प्रकाराला शरीराचेही उपचार सांगितले. तेव्हा झोप उडाली, जगणे नकोसे झाले, अशी स्थिती असेल तर विद्यार्थ्याने विनासंकोच डॉक्टरांकडे जावे, आणि आपण अध्यापकांनी त्याला पाठवावे. औषध घेणे म्हणजे श्रद्धा कमी पडणे नव्हे.

समारोप

सारांश, इस्लामला अभिप्रेत असलेली शांती म्हणजे आवाज बंद झाल्यावर उरणारी स्तब्धता नव्हे. मन भटकणारच, त्याला पुन्हापुन्हा परत आणण्याची सवय म्हणजेच साधना होय. त्यासाठी नियत शुद्ध हवी, दिवसाला थांबे हवेत, रात्री हिशेब हवा आणि हाताला काम हवे. एवढे असले तर नमाजात येणारी प्रत्येक चिमणी आपल्याला झाडाची आठवण करून देईल, आणि ती आठवणही काही कमी मोलाची नाही.

नमाज संपते कशी, हे अखेरीस पाहावे. शेवटी नमाजी उजवीकडे मान वळवून सलाम करतो आणि मग डावीकडे. ज्या शांतीसाठी तो उभा राहिला होता, तिच्यातील पहिला वाटा तो शेजाऱ्याला देतो. ज्याच्या शेजारच्या माणसाला त्याच्यापासून स्वस्थता लाभत नाही, त्याची नमाज अजून पुरी व्हायची आहे, असे मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगत असतो.